सॉफ्टवेअर बंद करण्याआधी हिशोब घरी आणा

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. तळमजल्यावरच्या दुकानांत जे होते ते भिजले, आणि त्यात केवळ कापड, धान्य आणि औषधे नव्हती. गल्ल्याखालच्या कप्प्यातल्या वह्याही होत्या. माल पुन्हा भरता येतो. विमा असेल तर थोडीफार भरपाईही मिळते. पण कोणाकडून किती येणे आहे हे सांगणारी उधारीची वही चिखलात गेली, तर ती आणायची कुठून? विचारल्यावर आपणहून आकडा सांगणारी गिऱ्हाईके असतात, तशी विसरणारीही असतात.

अशा अनुभवानंतर दुकानदारांच्या तोंडी 'क्लाउड' हा शब्द येऊ लागला, यात नवल नाही. हिशोब दुकानातल्या कॉम्प्युटरवर न राहता दूरच्या सर्व्हरवर राहतो, फोनवरही दिसतो, आणि दुकान पाण्याखाली गेले तरी शाबूत असतो. जीएसटीची विवरणे भरायची असल्याने सीएला तोच हिशोब त्याच्या कार्यालयातून पाहता येतो. सोय खरी आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही.

आता काही वर्षांनंतर याच दुकानांतून वेगळा प्रश्न विचारला जातो आहे. धंदा थोडा आवरता घेतला, सॉफ्टवेअर सांभाळणारा मुलगा कुवेतला गेला, वर्गणी दरवर्षी वाढत चालली, महिन्याला जेमतेम चाळीस बिले होतात. मग हे बंद कसे करायचे? बहुतेकांना वाटते की पैसे भरणे थांबवले की झाले. प्रत्यक्षात इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, कंपनीची सेवा थांबवणे. दुसरी, त्या सेवेत ठेवलेला आपला हिशोब बाहेर काढणे. पहिली गोष्ट आधी केली तर दुसरी करणे कठीण होते, कधी अशक्यही.

विकत घेतलेले आणि भाड्याने घेतलेले

आपल्याकडे दुकानदारांना टॅलीची सवय आहे. तिथे कायमचा परवाना विकत घेतला की वार्षिक नूतनीकरण केले नाही तरी प्रोग्रॅम आपल्या कॉम्प्युटरवर चालतच राहतो. नवी सुधारित आवृत्ती आणि काही ऑनलाइन सोयी तेवढ्या बंद होतात. जुनी वही कपाटात असावी तसा जुना हिशोब तिथेच असतो. या सवयीमुळेच क्लाउडच्या बाबतीत घोटाळा होतो. क्लाउडमध्ये आपण प्रोग्रॅम विकत घेतलेला नसतो, खोली भाड्याने घेतलेली असते. मुदत संपली की कुठे फक्त वाचण्यापुरते दार उघडे ठेवतात, कुठे लगेच कुलूप लावतात, आणि ठरावीक काळानंतर खोलीतले सामान कायमचे पुसून टाकतात. हा काळ प्रत्येक कंपनीच्या अटींत वेगळा असतो. तो कुठे लिहिला आहे हे सबस्क्रिप्शन चालू असतानाच शोधावे.

बरे, खोली नेहमी भाडेकरूच सोडतो असेही नाही. क्विकबुक्स हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या इन्ट्युइट या अमेरिकन कंपनीने २०२२ मध्ये भारतातून हे उत्पादन मागे घेण्याचे जाहीर केले आणि ३१ जानेवारी २०२३ नंतर ते भारतीय ग्राहकांसाठी बंद झाले. नियमित पैसे भरणाऱ्या दुकानदारांनाही आपली खातेवही उचलून दुसरीकडे न्यावी लागली. म्हणून पुढे जे सांगितले आहे ते सॉफ्टवेअर सोडायचे नसले तरी वर्षातून एकदा करून ठेवावे असेच आहे.

खाते कोणाच्या नावावर आहे?

आमच्या ओळखीच्या एका घरातली ही हकीकत आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावात हार्डवेअर आणि रंगाचे दुकान. मालकांचे अचानक निधन झाले. मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी शिकते आहे, आई इद्दतमध्ये. दुकान बंद करायचे हे घरात ठरले होते. मुलाने आईला विचारले, ''अम्मी, या सॉफ्टवेअरचे पैसे जातात ते थांबवू ना?'' आई म्हणाली, ''पैसे राहू दे. तुझ्या अब्बांनी कुणाकडून माल उधार आणला होता आणि कुणाला दिला होता, ते आधी बघ.''

तिला सॉफ्टवेअरमधले काही कळत नव्हते, पण बोलली ते अगदी नेमके. मय्यताच्या मालमत्तेची वाटणी करण्याआधी त्याच्यावरचे कर्ज फेडावे लागते. कर्ज किती हे ठाऊक नसेल तर वाटणी कशी करणार? आणि जे येणे आहे तेही वारसांच्या हक्काचे.

बघायला गेल्यावर कळले की उशीर झाला आहे. वर्गणी अब्बांच्या बँक खात्यातून आपोआप जात होती. निधनाची माहिती दिल्यावर बँकेने खात्यातले व्यवहार रोखले, त्यामुळे नूतनीकरणाचा हप्ता गेला नाही आणि सॉफ्टवेअरला कुलूप लागले. लॉगिनचा पासवर्ड नवा करायचा तर ओटीपी अब्बांच्या सिमकार्डवर येणार, आणि ते सिम रिचार्ज नसल्याने बंद पडण्याच्या बेतात होते. मुलाने आधी सिम रिचार्ज केले, मग ईमेल उघडला, मग स्वतःच्या कार्डावरून फक्त एका महिन्याचे पैसे भरून खाते उघडून घेतले. त्या महिन्यात सगळा हिशोब बाहेर काढला आणि त्यानंतर सबस्क्रिप्शन रीतसर रद्द केले. त्या एका महिन्याच्या पैशांत गावातल्या सुतार, गवंडी, ठेकेदारांकडची बाकी आणि घाऊक व्यापाऱ्यांचे देणे, दोन्ही हाती लागले. घरात कोणी वारले की फोनचे सिम लगेच बंद करू नये, हे यातून सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. बँका, गॅस, जीएसटी, सगळ्यांचे ओटीपी तिथेच येतात.

मालक हयात असतानाही हा प्रश्न असतोच. पुष्कळ दुकानांत खाते उघडताना भाच्याचा किंवा अकाउंटंटचा ईमेल दिलेला असतो. भाचा आता दोह्यात, अकाउंटंटने नोकरी सोडलेली. रद्द करण्याचा अधिकार साधारणपणे मुख्य ॲडमिनलाच असतो. बाकीच्यांना ते बटण दिसतही नाही. तेव्हा पहिले काम म्हणजे मुख्य ॲडमिन कोण हे पाहणे आणि तो स्वतःचा, किंवा घरातल्या जबाबदार माणसाचा, ईमेल करून घेणे. हे फोनवर नव्हे, समोर बसून करावे. सीएच्या कार्यालयाने आपल्या वतीने खाते उघडले असेल तर त्यांना आदराने पण स्पष्ट सांगावे की हिशोबाची मालकी आमच्याकडे द्या, पाहण्याची परवानगी तुम्हाला राहील.

काय काय बाहेर काढायचे

सॉफ्टवेअरमध्ये 'एक्सपोर्ट' किंवा 'बॅकअप' असे बटण असते. ते दाबले, एक फाइल आली, काम झाले, असे समजू नये. काही कंपन्यांची बॅकअप फाइल त्यांच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडते. ते सोडल्यावर ती फाइल म्हणजे किल्ली हरवलेली तिजोरी. आपल्याला हव्या आहेत कोणत्याही कॉम्प्युटरवर उघडणाऱ्या फाइल्स, आणि त्याही दोन प्रकारांत: दाखवण्यासाठी पीडीएफ, पुढे काम करण्यासाठी एक्सेल.

सर्वांत आधी खतावणी, म्हणजे प्रत्येक गिऱ्हाईक आणि व्यापाऱ्याचे लेजर. हे फक्त चालू वर्षाचे काढून थांबू नका. स्क्रीनवर बहुधा चालू आर्थिक वर्षच दिसत असते. तारीख बदलून पहिल्या दिवसापासूनचे काढावे लागते. मग रोजकीर्द, बँक आणि रोकड खाती, प्रत्येक वर्षाच्या ३१ मार्चची तेरीज, नफातोटा पत्रक, ताळेबंद आणि शिल्लक मालाची यादी. गिऱ्हाइकांची यादी फोन, पत्ता आणि जीएसटी क्रमांकासह वेगळी काढावी. आपण दिलेली सर्व बिले पीडीएफमध्ये एकगठ्ठा काढता येतात का ते पाहावे; येत नसतील तर महिन्यामहिन्याने काढावीत. कंटाळवाणे काम आहे, पण दोन संध्याकाळी पुरतात.

एक गोष्ट बहुतेकांकडून राहते. खरेदीची बिले फोनने फोटो काढून सॉफ्टवेअरला जोडलेली असतात आणि मूळ कागद फेकून दिलेले असतात. एक्सेलच्या एक्सपोर्टमध्ये आकडे येतात, हे फोटो येत नाहीत. ते वेगळे उतरवून घ्यावे लागतात. आपण घेतलेल्या इनपुट टॅक्स क्रेडिटचा पुरावा हीच बिले असतात, त्यामुळे पुढेमागे विचारणा झाली तर त्यांच्यावाचून अडते.

फाइल्स उतरल्या की त्या उघडून पाहाव्यात, आणि त्याही दुसऱ्या कॉम्प्युटरवर, इंटरनेट बंद करून. गिऱ्हाइकांची नावे मराठीत किंवा उर्दूत लिहिली असतील तर सीएसव्ही प्रकारची फाइल एक्सेलमध्ये थेट उघडल्यावर नावांच्या जागी अगम्य चिन्हे दिसण्याचा संभव असतो. माहिती गेलेली नसते. एक्सेलच्या 'डेटा' विभागातून तीच फाइल आत घेताना यूटीएफ-८ हा पर्याय निवडला की अक्षरे जागेवर येतात. शक्य असेल तर सीएसव्हीऐवजी सरळ एक्सेलचीच फाइल घ्यावी. तारखांचाही असाच घोळ होतो. कॉम्प्युटरवर अमेरिकन पद्धत लावलेली असेल तर ०५/०४ ही ५ एप्रिल न राहता ४ मे होते, आणि महिन्याच्या १२ तारखेनंतरची बिले मात्र तशीच राहतात. वरवर पाहता काहीच चुकलेले दिसत नाही. पाच-सहा बिले हाताने ताडून पाहिली की लगेच कळते.

शेवटची तपासणी आकड्यांची. सॉफ्टवेअरमधली एकूण येणे बाकी, एकूण देणे बाकी आणि बँकेची शिल्लक कागदावर लिहून घ्या. उतरवलेल्या फाइलमधली बेरीज तीच येते का ते पाहा. एका रुपयाचा फरक असला तरी आजच शोधा. कुलूप लागल्यावर तो शोधायला जागा राहत नाही.

रमजान आणि ३१ मार्च

सीए जो सल्ला देईल तो आर्थिक वर्षाचा असेल: ३१ मार्चची पत्रके काढून ठेवा. आपल्या घरांत आणखी एक वर्ष चालते. जकातीचा हिशोब चांद्र वर्षाने होतो, आणि पुष्कळ व्यापारी तो रमजानमध्ये करतात. २०२५ मध्ये आपल्याकडे रमजान २ मार्चला सुरू झाला; चांद्र वर्ष साधारण ११ दिवसांनी लहान असल्याने ही तारीख दरवर्षी मागे सरकते. त्या दिवशी दुकानात विक्रीचा माल किती होता, रोकड आणि बँकेत किती, वसूल होण्यासारखी उधारी किती आणि व्यापाऱ्यांचे देणे किती, हे ३१ मार्चच्या ताळेबंदात सापडत नाही.

सॉफ्टवेअर चालू असताना ही अडचण जाणवत नाही. कोणतीही तारीख टाका, त्या दिवसाची शिल्लक समोर येते. बंद झाल्यावर हातात राहतात त्या छापील, ठरलेल्या तारखेच्या नोंदी. म्हणून बाहेर पडण्यापूर्वी आपल्या जकातीच्या तारखेची मालाची यादी आणि येणे-देणे यांची पत्रके गेल्या काही वर्षांसाठी काढून ठेवावीत. एखाद्या वर्षाची जकात द्यायची राहिली असेल तर तोच आधार. कोणती उधारी धरायची आणि कोणती नाही, याबाबत आपल्या आलिमांना विचारावे. पण विचारायला जाताना हातात आकडे असले पाहिजेत.

कुरआनमधली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२वी, मुदतीच्या उधारीची लेखी नोंद आणि साक्षीदार यांविषयी आहे, हे बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. लिहिलेले वाचताच येत नसेल, तर ती नोंद उपयोगाची किती राहिली?

कधी बाहेर पडावे, आणि किती वर्षे जपावे

महिन्याच्या मधोमध किंवा विवरण भरण्याच्या आठवड्यात सॉफ्टवेअर बदलू नये. मार्चअखेरचे काम संपल्यावर, नव्या वर्षाचे पहिले बिल नव्या ठिकाणी, ही सर्वांत स्वच्छ वेळ. मात्र वार्षिक वर्गणीची तारीख मार्चच्या आसपास असेलच असे नाही. वर्षाच्या मध्ये बदलावे लागले तर बिलांच्या क्रमांकांकडे लक्ष द्या. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा क्रमांक ओळीने, १६ अक्षरांच्या आत आणि त्या आर्थिक वर्षात एकदाच आलेला असावा लागतो. नव्या सॉफ्टवेअरने पुन्हा १ पासून सुरुवात केली तर एकाच क्रमांकाची दोन बिले तयार होतात. क्रमांकाआधी एखादे नवे अक्षर लावून वेगळी मालिका सुरू केली की प्रश्न मिटतो.

जपायचे किती वर्षे? केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार, त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने. म्हणजे २०२४-२५ या वर्षाची मुदत ३१ डिसेंबर २०२५ धरली, तर हिशोब ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत हाताशी हवा. एखादे अपील किंवा चौकशी चालू असेल तर तिचा निकाल लागल्यावर आणखी एक वर्ष, किंवा वरची मुदत, यांपैकी जे नंतर येईल ते. दुकान बंद केले, जीएसटी क्रमांक परत केला, तरी हे बंधन सुटत नाही. मालक वारले आणि धंदा बंद झाला तरी थकीत कराचे देणे त्यांच्या मालमत्तेतून, तिच्यात असेल तेवढ्यापुरते, वारसांना भागवावे लागते.

ज्यांनी धंद्याची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली आहे त्यांना कंपनी कायद्यानुसार ८ आर्थिक वर्षांची पुस्तके ठेवावी लागतात. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असेच सॉफ्टवेअर वापरावे लागते ज्यात प्रत्येक नोंद केव्हा बदलली याची न पुसता येणारी नोंद राहते. अशांनी एक्सेलवर परतण्याचा विचार करू नये आणि सीएशी बोलल्याशिवाय काहीच रद्द करू नये. साध्या मालकीच्या दुकानाला हे ऑडिट ट्रेलचे बंधन नाही.

पैसे थांबवण्याचे खरे बटण

फोनवरून ॲप काढून टाकले म्हणजे सबस्क्रिप्शन संपले, हा समज इतका पसरलेला आहे की तो आधी दूर केला पाहिजे. ॲप काढल्याने काहीच रद्द होत नाही. पैसे गुगलच्या प्ले स्टोअरमधून किंवा ॲपलमधून जात असतील तर तिथल्या 'सबस्क्रिप्शन्स' विभागात जाऊन रद्द करावे लागते. कंपनीच्या वेबसाइटवरून घेतले असेल तर तिथल्या बिलिंग विभागातून. एखाद्या विक्रेत्याने दुकानात येऊन तीन वर्षांचे एकदम दिले असेल तर त्याच्यामार्फत, आणि लेखी.

रद्द केल्याचा ईमेल येईपर्यंत काम झाले असे मानू नये. तो ईमेल आणि रद्द झाल्याच्या स्क्रीनचा फोटो हिशोबाच्या फाइल्सबरोबर ठेवावा. यानंतरच दुसरे कुलूप: कार्डावरचे असेल तर बँकेत जाऊन ई-मॅन्डेट, आणि यूपीआयवरचे असेल तर ॲपमधल्या ऑटोपे विभागात जाऊन ते मॅन्डेट रद्द करावे. नुसते मॅन्डेट तोडले आणि कंपनीला कळवले नाही, तर त्यांच्या दप्तरी आपण थकबाकीदार ग्राहक राहतो आणि खात्याला कुलूप लागते. तोपर्यंत हिशोब काढला नसेल तर वर सांगितलेलीच गत.

रिझर्व्ह बँकेचे नियम इथे आपल्या बाजूचे आहेत. आपोआप जाणाऱ्या हप्त्याची सूचना किमान २४ तास आधी द्यावी लागते, आणि ग्राहकाला त्यातून बाहेर पडण्याची सोय द्यावी लागते. पण जून २०२२ पासून १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा हप्त्यांना ओटीपी लागत नाही. लहान दुकानाची वार्षिक वर्गणी बहुधा याच्या आतच असते. म्हणजे आधीच्या दिवशी एक संदेश येतो आणि आपण काही केले नाही तर पैसे जातात. तो संदेश बँकेत नोंदवलेल्या नंबरवर येतो. तो नंबर आखातात गेलेल्या मुलाचा असेल तर इथे कोणाला काही कळत नाही. नूतनीकरणाची तारीख घरातल्या कॅलेंडरवर, जिथे दूध आणि गॅसची नोंद असते तिथेच, महिनाभर आधी लिहून ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

भरलेले वार्षिक पैसे परत मिळतील, ही आशा फारशी धरू नये. बहुतेक अटींमध्ये मुदत संपेपर्यंत वापरा, पुढचे घेणार नाही, एवढेच असते. उरलेले महिने हिशोब निवांत काढायला वापरावेत. आणि तीन वर्षांचे एकदम भरा, सूट देतो, या बोलण्याला लहान दुकानदाराने भुलू नये, असे मला वाटते. पुढच्या वर्षी पावसाळा कसा जाईल हे ज्याला सांगता येत नाही त्याने तीन वर्षांचे भाडे आगाऊ का द्यावे?

रद्द करण्याचे बटणच सापडत नाही, फोन केला तर 'आमचा माणूस तुम्हाला कॉल करेल' एवढेच उत्तर मिळते, असेही घडते. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीच्या १३ प्रकारांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. रद्द करणे मुद्दाम अवघड करून ठेवणे, म्हणजे सबस्क्रिप्शनचा सापळा, हा त्यांतला एक आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. व्यापारी हा ग्राहक नसतो असे उत्तर कोणी दिले, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातली व्याख्या दाखवावी: स्वयंरोजगाराने केवळ उपजीविका करण्यासाठी घेतलेली आणि वापरलेली वस्तू 'व्यापारी हेतू'त धरली जात नाही.

गिऱ्हाइकांचे फोन नंबर

रद्द केल्याच्या दिवसापासून मुदत संपेपर्यंत सॉफ्टवेअर जिवंत असते आणि त्याला दिलेली कामे करीत राहते. त्यातले एक काम म्हणजे बाकी असलेल्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲप किंवा एसएमएसवर आठवण पाठवणे. आपण वसुली आता वहीत लिहू लागलो, सॉफ्टवेअरला ती माहीत नाही. परिणाम असा की गेल्या जुम्म्याला मशिदीबाहेर आपल्या हातात पैसे दिलेल्या माणसाला सोमवारी 'आपली बाकी भरा' असा संदेश जातो, तोही आपल्या दुकानाच्या नावाने. फेडलेले कर्ज पुन्हा मागितले गेल्याचा अपमान लहान गावात विसरला जात नाही. त्यामुळे स्वयंचलित आठवणी, पैसे भरण्याच्या लिंक आणि बँकखात्याची जोडणी ही रद्द करण्याच्या दिवशीच बंद करावीत. जीएसटी पोर्टलवर आपल्या प्रोफाइलमध्ये एपीआय परवानगीचा विभाग असतो. सॉफ्टवेअरला दिलेली परवानगी तिथे जाऊन 'नाही' करावी. जुन्या नोकरांचे लॉगिनही काढावेत.

लोकांनी उधारीसाठी आपल्याला नाव, नंबर, पत्ता दिला तो आपल्यावर विश्वास ठेवून. ती अमानत आहे. सर्व फाइल्स तपासून झाल्यावर, दोन जागी प्रती ठेवल्यावर, कंपनीला ईमेल करून आमच्या खात्यातली माहिती पुसून टाका अशी लेखी मागणी करावी आणि उत्तर जपून ठेवावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात प्रत्येक व्यक्तीला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. ही मागणी मात्र घाईने करू नये. पुसलेले परत येत नाही.

प्रती ठेवायच्या त्या एक घरातल्या कॉम्प्युटरवर किंवा पेन ड्राइव्हवर, आणि दुसरी घराबाहेर: बहिणीकडे, सीएकडे, किंवा स्वतःच्या ईमेलच्या ड्राइव्हवर. पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षे न उघडता पडून राहिला तर बिघडू शकतो, म्हणून जकातीचा हिशोब करायला बसाल तेव्हा तो एकदा लावून दोन-तीन फाइल्स उघडून पाहाव्यात. येणे बाकीची यादी तेवढी छापून घ्यावी, आणि घरातल्या दुसऱ्या एका माणसाला ती कुठे ठेवली आहे ते दाखवून ठेवावे.